चांगल्या वर्तनाचा बाँड मुदतीआधी रद्द करून घेता येतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोर्टानं दोषी ठरवलं, पण तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तनाच्या बाँडवर सोडलं, अशा माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे पान आहे. प्रश्न बहुतेक वेळा आई, बायको किंवा जामीन राहिलेला मामा विचारतो: पोरगा आता सरळ वागतोय, कामाला जातोय, मग दर महिन्याला हजेरी अजून किती दिवस? कायद्यात याची सोय १९५८ पासून आहे. ज्यांना तिची गरज आहे त्यांच्यापर्यंत मात्र ती फार कमी पोचते.

हा बाँड कोणत्या कायद्याखालचा असतो?

अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८. कोर्टाच्या आवारात त्याला सगळे 'प्रोबेशन अ‍ॅक्ट'च म्हणतात. त्याच्या कलम ४ नुसार, फाशीची किंवा जन्मठेपेची शिक्षा नसलेल्या गुन्ह्यात कोर्ट लगेच शिक्षा न सुनावता आरोपीला बाँडवर सोडू शकतं. बाँडची मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं. या काळात शांतता राखायची, नीट वागायचं आणि कोर्टानं बोलावलं तर शिक्षा ऐकायला हजर राहायचं, असं त्यात लिहून दिलेलं असतं. म्हणजे शिक्षा माफ झालेली नाही, ती थांबवून ठेवलेली आहे.

कलम ३ खाली नुसती समज देऊन सोडलं असेल, तर बाँड नसतोच. मग रद्द करून घेण्यासारखंही काही नाही.

आमच्या आदेशात नेमकं काय आहे, हे कसं कळणार?

आदेशाची प्रत काढा आणि वाचा. 'वकिलांनी सांगितलं होतं', 'शिपाई म्हणाला' यावर जाऊ नका. देखरेखीचा आदेश असेल तर त्याची प्रत आरोपीला, जामीनदारांना आणि परिवीक्षा अधिकाऱ्याला (म्हणजे बाँडवर सुटलेल्या माणसावर देखरेख ठेवणाऱ्या, लोक ज्याला 'प्रोबेशन ऑफिसर' म्हणतात त्या अधिकाऱ्याला) लगेच द्यावी, असं कायदाच सांगतो. ती हरवली असेल तर नकलेसाठी अर्ज करून प्रमाणित प्रत मिळते. केस नंबर आठवत नसेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावावरून शोधता येतं. तिथला सीएनआर क्रमांक (प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) वहीत लिहून ठेवा, पुढं प्रत्येक कामाला लागतो.

प्रत हातात आली की तीन गोष्टी शोधा. कलम कोणतं लिहिलं आहे? मुदत किती आणि कोणत्या तारखेपासून? आणि परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीचा वेगळा आदेश आहे का? ही तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. देखरेखीचा आदेश असेल तर त्याची मुदत किमान १ वर्ष असते. राहायचं कुठं, दारू-नशेपासून लांब राहायचं, अशा अटी त्यातच घातलेल्या असतात.

आदेशात जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३६० किंवा १ जुलै २०२४ नंतरच्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०१ लिहिलं असेल, तर सावध व्हा. त्याही कलमांखाली चांगल्या वर्तनाचा बाँड होतो, पण मुदतीआधी मोकळं करण्याची जी वाट खाली सांगितली आहे ती प्रोबेशन अ‍ॅक्टमधली आहे.

मग मुदत संपायच्या आत बाँड रद्द होतो का?

होतो. कलम ८ च्या पोटकलम ३ मध्ये ते स्पष्ट लिहिलं आहे. आरोपीचं वागणं पाहता त्याला यापुढं देखरेखीखाली ठेवायची गरज उरलेली नाही, अशी कोर्टाची खात्री पटली, तर कोर्ट त्याचा बाँड रद्द करू शकतं. अर्ज परिवीक्षा अधिकाऱ्यानं करायचा आणि ज्या कोर्टानं आदेश दिला त्याच कोर्टात करायचा.

कोर्ट 'याला पुरेसा त्रास झाला का' हे बघत नाही, 'याची दया यावी का' हेही नाही. प्रश्न एकच: देखरेखीची गरज उरली आहे का? अर्जातलं प्रत्येक वाक्य या प्रश्नाचं उत्तर देणारं हवं. घरची परिस्थिती, आईचं आजारपण, बहिणीचं लग्न हे सगळं खरं असतं आणि सांगावंही, पण त्यानं या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

देखरेखीचा आदेशच नसेल, नुसता बाँड असेल, तर या पोटकलमाचा आधार फार तोकडा पडतो. तिथं बहुतेक वेळा मुदत नीट पार पाडणं हाच सोपा मार्ग.

अर्ज आम्ही स्वतः करू शकतो का?

इथंच बहुतेकांची वाट अडते. कायद्याच्या शब्दांप्रमाणे अर्ज परिवीक्षा अधिकाऱ्याचा हवा. आरोपीला किंवा जामीनदाराला त्या पोटकलमात थेट अर्जाचा हक्क दिलेला नाही. माझ्या मते ही कायद्यातली उणीव आहे, कारण ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे त्यालाच दार ठोठावता येत नाही.

म्हणून घरच्यांनी वाट बघत बसू नये. महाराष्ट्रात हे काम महिला व बाल विकास विभागाकडे आहे, त्यामुळे परिवीक्षा अधिकाऱ्याचा पत्ता जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात मिळतो. बऱ्याच ठिकाणी याच अधिकाऱ्यांकडे मुलांच्या प्रकरणांचाही भार असतो. तुमची फाइल ते आपणहून काढतील अशी अपेक्षा धरू नका. त्यांच्या नावे साध्या मराठीत लेखी विनंती द्या: अमुक तारखेपासून देखरेखीखाली आहे, सगळ्या अटी पाळल्या आहेत, कागद सोबत जोडले आहेत, तरी कलम ८ पोटकलम ३ प्रमाणे कोर्टात अर्ज करावा. आवक-जावकचा शिक्का मारून पोच घ्या. तोंडी बोलण्याचा मागमूस राहत नाही.

दोन-तीनदा भेटूनही काही हललं नाही, तर वकिलामार्फत कोर्टाला विनंती करता येते की परिवीक्षा अधिकाऱ्याकडून वर्तनाचा अहवाल मागवावा. अहवाल मागवायचा की नाही हे कोर्टावर आहे. पण ही विनंती कलम ८ खालचा अर्ज नाही, अहवाल मागवण्याची विनंती आहे, हे तिच्यात स्वच्छ लिहा. नाहीतर 'अर्ज चालण्याजोगा नाही' एवढ्याच मुद्द्यावर ती निकाली निघू शकते.

किती दिवस गेल्यावर अर्ज करावा?

कायद्यानं किमान मुदत घातलेली नाही. देखरेख किमान १ वर्षाची असली, तरी पोटकलम ३ ची सुरुवातच 'आधी काहीही म्हटलेलं असलं तरी' अशा अर्थाच्या शब्दांनी होते. त्यामुळे वर्ष पुरं व्हायच्या आतही अर्जाला कायद्याची आडकाठी नाही.

व्यवहार मात्र निराळा आहे. चार महिन्यांच्या चांगल्या वागण्यावर कोर्टाची खात्री कशी पटावी? ३ वर्षांचा बाँड असेल तर साधारण निम्मा काळ स्वच्छ गेल्यावर अर्जाला वजन येतं. बाँड वर्षभराचाच असेल तर या फंदात पडू नका. अहवाल, तारखा, सुट्ट्या यांत तेवढे महिने तसेही निघून जातील आणि मुदत संपली की बाँड आपोआप संपेल.

'सुधारला' हे दाखवायचं कशानं?

कागदानं आणि माणसांनी, दोन्हींनी. आणि तयारी अर्जाच्या आठवड्यात नव्हे, बाँडच्या पहिल्या महिन्यापासून करायची.

पहिली गोष्ट हजेरी. परिवीक्षा अधिकाऱ्याकडे ज्या तारखेला बोलावलं त्या तारखेला गेलात का? प्रत्येक भेटीची नोंद स्वतःच्या वहीतही ठेवा. ताप आला, एसटी चुकली, तर त्याच दिवशी फोन करून कळवा आणि पुढच्या भेटीत दवाखान्याची चिठ्ठी दाखवा. न कळवता चुकलेली एक तारीख पाच चांगल्या दाखल्यांवर पाणी फिरवते.

दुसरी गोष्ट काम. पगारपत्रक असेल तर उत्तमच, पण नसलं म्हणून अडत नाही. गवंड्याच्या हाताखाली जाणारा, रिक्षा चालवणारा, बाजार समितीत हमाली करणारा, घरची शेती बघणारा या सगळ्यांना आपलं काम दाखवता येतं: मुकादमाचं पत्र, बँक पासबुकातल्या नोंदी, परवाना आणि बॅज, सातबारा आणि माल विकल्याच्या पट्ट्या. आयटीआयला प्रवेश घेतला असेल, दहावी-बारावी बाहेरून दिली असेल, तर गुणपत्रिका जोडा. काम मिळत नसेल तर तेही परिवीक्षा अधिकाऱ्याला सांगा. गरज असेल तिथं योग्य काम मिळवून द्यायचा प्रयत्न करणं हे कायद्यानं त्यांचं कर्तव्य आहे.

तिसरी गोष्ट, गुन्ह्याचं मूळ. दारूच्या नशेत मारामारी झाली असेल, तर व्यसनमुक्ती केंद्राची नोंद, नंतरच्या पाठपुराव्याच्या तारखा, हे सगळं पोलीस पाटलाच्या दाखल्यापेक्षा मोलाचं. भावकीच्या बांधावरून डोकं फुटलं असेल, तर मोजणी होऊन हद्द कायम झाली का? जुगाराच्या कर्जातून चोरी झाली असेल, तर कर्ज फिटलं का? ज्या कारणानं पाय घसरला ते कारण आता राहिलेलं नाही, हे जो दाखवू शकतो त्याच्या अर्जात जीव असतो.

'सदर इसम माझ्या ओळखीचा असून त्याची वर्तणूक चांगली आहे' असे एकाच साच्यातले दहा दाखले आणू नका. त्याला रोज बघणाऱ्या दोन माणसांनी, काय पाहिलं ते स्वतःच्या शब्दांत लिहिलं, तर ते पुरे.

मध्ये एकदा अट मोडली होती. आता सगळं संपलं का?

लगेच नाही. कलम ९ प्रमाणे अट मोडल्याचं कळलं की कोर्ट समन्स किंवा वॉरंट काढून बोलावतं आणि म्हणणं ऐकून घेतं. अट मोडल्याची खात्री झाली तर मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावता येते. मात्र पहिलीच वेळ असेल तर बाँड चालू ठेवून जास्तीत जास्त ५० रुपये दंड लावायची मुभाही कोर्टाला आहे. रक्कम किरकोळ वाटते म्हणून ती भरायची राहिली, असं होऊ देऊ नका. दिलेल्या मुदतीत ती भरली नाही तर मूळ शिक्षेचं दार पुन्हा उघडतं.

अर्जात ती चूक लपवू नका. अधिकाऱ्याच्या फाइलमध्ये ती आहेच. त्यानंतर किती काळ नीट गेला ते मांडा.

मुलाला चाकणला नोकरी लागली आहे, आदेशात मात्र साताऱ्यात राहायची अट आहे. बाँड रद्द करून घ्यावा का?

इथं बाँड रद्द करायची गरजच नाही, अट बदलून घ्या. कलम ८ च्या पोटकलम १ खाली परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अर्जावरून कोर्ट अटी बदलू शकतं आणि मुदत कमी-जास्तही करू शकतं, फक्त ती मूळ आदेशापासून ३ वर्षांच्या पुढं जाता कामा नये. त्याआधी आरोपीला आणि जामीनदाराला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. देखरेख दुसऱ्या परिवीक्षा अधिकाऱ्याकडे सोपवायचीही सोय कायद्यात आहे.

ही मागणी मान्य व्हायची शक्यता मला नेहमीच जास्त वाटते, कारण नोकरी हीच सुधारण्याची खूण असते. पण एक लक्षात असू द्या: बदलाला जामीनदारानं नकार दिला तर कोर्ट नवा बाँड मागू शकतं आणि तो दिला नाही तर शिक्षा सुनावू शकतं. म्हणून आधी जामीनदाराशी बोला, मग अर्ज. आणि आदेश हातात येईपर्यंत परस्पर मुक्काम हलवू नका.

नुकसानभरपाई अजून पूर्ण भरलेली नाही. चालेल?

आधी ती भरा. कलम ५ खाली ठरवलेली भरपाई ही ज्याचं नुकसान झालं त्या माणसाची आहे. ती थकवून 'मी सुधारलो' म्हणणं कोर्टालाही पटत नाही आणि पटूही नये. एकरकमी झेपत नसेल तर परिवीक्षा अधिकाऱ्याला सांगा. भरपाई फेडण्यात सल्ला आणि मदत देणं हे त्यांच्या कामातच येतं. प्रत्येक पावती जपून ठेवा.

सुनावणीत काय होतं?

फार मोठा सोहळा नसतो. परिवीक्षा अधिकाऱ्याचा अर्ज आणि अहवाल, सरकारी वकिलांचं म्हणणं, कधी कधी न्यायाधीशांचे थेट प्रश्न: काय काम करता, कुणाबरोबर राहता, त्या माणसाशी पुन्हा भांडण झालं का? उत्तर स्वतः द्या, थोडक्यात द्या, खरं द्या. अहवाल कायद्यानं गोपनीय असतो, पण त्याचा सारांश आरोपीला कळवायची मुभा कोर्टाला आहे. त्यात काही चुकीचं असेल तर तो सारांश मागून उत्तर द्यायची परवानगी घ्या.

अर्ज नामंजूर झाला तर?

बाँड पूर्वीसारखा चालू राहतो, शिक्षा वाढत नाही. पुन्हा अर्ज करायला या कायद्यात बंदी नाही. नकाराचं कारण आदेशात वाचा, ते दूर करा, आणि काही महिन्यांनी परिवीक्षा अधिकाऱ्याकडे पुन्हा जा.

बाँड रद्द झाला म्हणजे गुन्हा पुसला गेला?

नाही. दोषी ठरवल्याचा निकाल तसाच राहतो. पण कलम १२ चं संरक्षण आहे: कलम ३ किंवा ४ चा लाभ मिळालेल्या माणसाला, दोषी ठरल्यामुळे इतर कायद्यांखाली जी अपात्रता येते ती लागू होत नाही. पुढं त्याच गुन्ह्यात शिक्षा सुनावली गेली तर हे संरक्षण जातं. बाँड शेवटपर्यंत जपायचा तो यासाठीही.

सरकारी नोकरीत गोंधळ होतो तो इथं. कलम १२ मुळे खातं कारवाईच करू शकत नाही, असं नाही. ज्या वागणुकीमुळे दोषी ठरला तिचा विचार खातं करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं अनेकदा सांगितलं आहे. पण त्या अधिकाराला मर्यादाही आहे. दिल्लीच्या दूध योजनेतल्या एका कॅश क्लार्कला ५०० रुपयांच्या अपहाराबद्दल दोषी ठरवून दंडाधिकाऱ्यांनी कलम ४ खाली सोडलं होतं, तरी खात्यानं त्याला बडतर्फ केलं. १९८५ मध्ये सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या पीठानं ती बडतर्फी लहरीपणाची ठरवून रद्द केली आणि मागच्या पगारासह त्याला कामावर परत घ्यायला लावलं.

भरतीच्या फॉर्मवर 'कधी दोषी ठरला आहात का' असं विचारलं असेल तर 'हो' लिहा आणि आदेशाची प्रत जोडा. माहिती दडवल्याचे परिणाम काय होतात, याचा ऊहापोह सर्वोच्च न्यायालयानं २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात केला आहे. गुन्हा किरकोळ असला तर लपवाछपवीच नडते.

पासपोर्ट मिळेल का?

पासपोर्ट कायद्यातलं दोषसिद्धीचं कारण तेव्हा लागू होतं, जेव्हा मागच्या ५ वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किमान २ वर्षांची कैद सुनावलेली असते. प्रोबेशनवर सुटलेल्याला कैद सुनावलेलीच नसते. दुसरी एखादी फौजदारी केस चालू असेल तर मात्र ती आड येऊ शकते. फॉर्ममध्ये खरी माहिती भरा. देखरेख चालू असताना परदेशी जायचं तर आधी कोर्टाला विचारा.

माझ्यावर पोलिसांची 'चॅप्टर केस' आहे. हेच लागू होतं का?

नाही, तो निराळा प्रकार. पुढं गडबड होऊ नये म्हणून आधीच लिहून घेतलेला तो बाँड. तो बहुधा कार्यकारी दंडाधिकारी घेतात, गुन्हा सिद्ध न होताही घेतात, आणि तिथं परिवीक्षा अधिकारी नसतो. जुनं कलम १०७ म्हणजे आताचं नागरिक सुरक्षा संहितेचं १२६, त्याची कमाल मुदत १ वर्ष. जुनं ११० म्हणजे आताचं १२९, त्याची ३ वर्षं. सबळ कारणं लेखी नोंदवून असा बाँड रद्द करण्याची सोय कलम १४२ मध्ये आहे. कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या आदेशाबाबत त्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं.

तडीपारी तर आणखी वेगळी. ती महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली, जास्तीत जास्त २ वर्षांची. तिच्यावर ३० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. हे दिवस हातचे जाऊ देऊ नका.

जामीनदाराला मोकळं व्हायचं असेल तर?

त्यांनी कोर्टात स्वतः अर्ज करायचा. पण आधी घरात सांगून, दुसरा जामीनदार तयार ठेवून. नाहीतर सरळ वागणारा मुलगाही अडचणीत येतो.

पुतण्या इंग्लंडमध्ये आहे, तिथल्या कोर्टानं त्याच्यावर वर्तनबंदीचा आदेश घातला आहे. तिथं कसं?

इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१४ च्या कायद्याखाली गुन्हेगारी वर्तनासंबंधी असा आदेश देतात. प्रौढांसाठी तो किमान २ वर्षांचा असतो, बेमुदतही असू शकतो, आणि मोडला तर ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिथं आदेश रद्द करायचा अर्ज तो स्वतः, आदेश देणाऱ्या कोर्टातच करू शकतो. पण तो फेटाळला गेला तर कोर्टाच्या परवानगीशिवाय किंवा सरकारी पक्षाच्या संमतीशिवाय पुन्हा करता येत नाही. म्हणून अर्धवट तयारीनं घाई करू नये, तिथल्या सॉलिसिटरला आधी भेटावं.

खर्च किती? वकील परवडत नाही.

परिवीक्षा अधिकाऱ्याच्या कामाचे पैसे नसतात. ते लोकसेवक आहेत. कुणी मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. वकिलासाठी तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, ती कार्यालयं कोर्टाच्या आवारातच असतात. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणारे यांना वकील मोफत मिळतो. फोनवर विचारायचं तर १५१००.

आदेश मिळाला. आता?

प्रमाणित प्रती जास्तीच्या काढा. एक जामीनदाराला द्या, त्यांनाही मोकळं झाल्याचा कागद हवा असतो. एक परिवीक्षा अधिकाऱ्याच्या कार्यालयात आणि एक पोलीस ठाण्यात पोच घेऊन द्या, म्हणजे जुन्या यादीवरून कुणी पुन्हा हजेरीला बोलावणार नाही. उरलेली मूळ आदेशासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरात ठेवा, आणि कुठं ठेवली ते घरातल्या आणखी एकाला सांगा.